न मोजलेली उंची

नगरपालिकेच्या त्या शाळेत पोरं मोहनराव सरांना पाठीमागं ‘फौजदार’ म्हणायची. हे सरांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. खेळाचा मास्तर म्हणजे शिट्टी फुंकणारा आणि पंधरा ऑगस्टला रांगा सरळ करणारा माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी मोहनरावांना कबड्डीच्या मैदानाकडेला उभं राहिलेलं बघायला हवं होतं. समोरच्या संघातल्या चौदा वर्षांखालच्या गड्याला मिसरूड फुटलंय, हे पंचाच्या आधी त्यांना दिसायचं. एकदा तर त्यांनी एका खेळाडूच्या पिशवीतून दाढीचा ब्रश काढून पंचापुढं ठेवला होता. ही गोष्ट ते गेली वीस वर्षं सांगत होते, आणि दर वेळी ब्रश थोडा मोठा होत होता.

अशा माणसाला एक खोड लागते. मैदानावरचा संशय मैदानावर ठेवून घरी जायचं त्याला जमत नाही. दूधवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांकडं मोहनराव डोळे बारीक करून बघायचे. गेल्या वर्षी रोहिणी मॅडमनी वर अर्ज केला होता, की ऊसतोडीला जाऊन आलेल्या लेकरांना शाळेच्या खिचडीशिवाय रोज एक अंडं आणि कपभर दूध मिळावं. अर्ज नामंजूर होऊन आला. तेव्हा मोहनराव स्टाफरूममध्ये हसत म्हणाले होते, की बरं झालं, नाहीतर किती अंडी पोरांच्या पोटात आणि किती मॅडमच्या पिशवीत, हे कुणी बघायचं? रोहिणी मॅडमनी ते ऐकलं आणि अर्धा चहा टाकून त्या उठून गेल्या. खोटं असतं तर बाई एवढ्या चिडल्या कशाला, असं मोहनरावांनी मनात टिपून ठेवलं.

यंदा बीड शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मुलींसाठी निवासी क्रीडा केंद्र सुरू झालं. प्रत्येक शाळेतून एकच मुलगी घेणार होते. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, दोन वेळा पोटभर जेवण, सकाळी दूध आणि अंडी. निवडीसाठी सहाशे मीटरची धाव होती आणि सोबत गेल्या तीन वर्षांच्या उंची-वजनाचा तक्ता जोडायचा होता. जानेवारीतल्या एका बुधवारी मोहनरावांनी सातवीच्या पोरी मैदानात उभ्या केल्या.

त्या रांगेकडं नुसतं बघितलं तरी कोण कुठून येतं ते कळायचं. कॉलनीतल्या पोरींच्या पायात बूट, बाटलीत लिंबूसरबत, केसाला नवा रबर. बायपासपलीकडच्या पोरी अनवाणी, कोपरं टोकदार, ड्रेसला काजापेक्षा पिनाच जास्त. एक फेरी झाली की बायपासवाल्यांपैकी निम्म्या खाली बसायच्या आणि डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणायच्या. दर वर्षी हेच. मोहनरावांना त्यात सोंगाचा वास यायचा.

पण त्या दिवशी पहिली आली ती बायपासपलीकडचीच. शिवकन्या. वर्गातली सगळ्यात बुटकी पोर, संध्याकाळी आजीच्या शेळ्यांमागं पळणारी. दोन मिनिटं सहा सेकंद. तिच्यामागं पाऊण मैदान अंतरावर संस्कृती, म्हणजे रोहिणी मॅडमचीच मुलगी. उंच, भरल्या अंगाची, वर्षभर सराव केलेली. मोहनरावांनी घड्याळ दोनदा बघितलं. अनवाणी पोर एवढी पळते म्हणजे काय, हा पहिला संशय तिथंच उगवला, पण घड्याळ त्यांच्याच हातात असल्यामुळं तो लगेच मावळला.

गुरुवारी ते तक्ता भरायला बसले. व्हरांड्यातल्या भिंतीवर रंगानं काढलेल्या पट्टीला शिवकन्येला पाठ लावून उभं केलं. एकशे एकोणतीस सेंटिमीटर. मग फिटनेस चाचणीच्या ॲपवरून मागच्या नोंदी काढल्या. पाचवीत एकशे पंचवीस. सहावीत एकशे एकतीस. सातवीत एकशे एकोणतीस.

मोहनरावांनी पेन खाली ठेवला. पोर वाढत नाही हे एकवेळ समजता येतं. पण पोर कमी होत नाही. त्यांनी शिवकन्येला पुन्हा बोलावलं, वेणी सोडायला लावली, टाचा भिंतीला टेकवायला लावल्या. एकशे एकोणतीस. तिसऱ्यांदा मोजताना ती बिचारी श्वास रोखून मान ताणत होती, आणि तरी पट्टी हलली नाही. सहावीतल्या शिवकन्येपेक्षा ही शिवकन्या दोन सेंटिमीटर बुटकी होती. फार दिवसांनी मोहनरावांच्या हाताला काहीतरी लागलं होतं.

त्यांना हा डाव माहीत होता. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांना जातात. आईबाप दिवसभर उसात, मग तान्ह्या लेकराला बघायला थोरली पोर लागते. शाळेतून तिचं नाव तर कटायला नको. मग धाकटीला थोरलीच्या नावानं वर्गात बसवायचं. चार वर्षांपूर्वी मोहनरावांनी असे दोन भाऊ पकडले होते. धाकटा थोरल्याच्या नावानं वर्षभर हजेरी देत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. आता हीसुद्धा तीच भानगड. खरी शिवकन्या कारखान्यावर, आणि ही तिची बहीण.

त्यांनी पोरीला ऑफिसबाहेर उभं करून गोड आवाजात विचारपूस सुरू केली. पाचवीत तुझ्या शेजारी कोण बसायचं? तिला आठवेना. सहावीत गॅदरिंगला वर्गानं कोणता नाच केला? ती म्हणाली की गॅदरिंगला ती नव्हती. बहीण आहे का तुला? आहे, बारकी. कुठं असते? आईपाशी, कारखान्याला. एवढं बोलताना तिनं ओढणीचं टोक गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं होतं. घाबरलीय म्हणजे खोटं बोलतेय, असा मोहनरावांचा जुना हिशेब. घाबरायला मास्तरच पुरेसा असतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मुख्याध्यापक भगवानराव मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि तोवर त्यांना टेबलावर धूळसुद्धा हललेली नको होती. त्यांनी सगळं ऐकून चष्मा पुसला.

“एवढं काय त्यात मोहनराव? मागच्यात मिळवा थोडं आणि पाठवून द्या. आपण काय पहिल्यांदा करतोय का?”

मोहनराव ताठ झाले. खोटा आकडा आपण लिहिणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग तिथूनच क्रीडा केंद्राच्या प्रमुख बाईंना फोन लावला आणि आमच्या एका मुलीच्या ओळखीबद्दल शंका आहे, असं कळवलं. बाई म्हणाल्या की शनिवारी दुपारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर दुसऱ्या नंबरची मुलगी घेऊ. दुसरा नंबर म्हणजे संस्कृती. मोहनरावांनी फोन ठेवला आणि दारात उभ्या रोहिणी मॅडमकडं बघितलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, की सर, आधी नीट बघा. स्वतःच्या पोरीला जागा मिळत असताना बाई अडवतात म्हणजे इथंही पाणी मुरतंय, असं त्यांना वाटलं. नेमकं कुठं, ते मात्र सापडेना.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ते गाडी काढून बायपासपलीकडं गेले. नांदूरघाटकडून येऊन इथं पत्रे ठोकलेली वीसेक घरं होती. शिवकन्येची आजी दगडाबाई दारात शेळीचं करडू मांडीत धरून बसली होती. तिनं मास्तरांना बघितलं आणि उठलीच नाही.

“कावून आलात, मास्तर? काय केलं पोरीनं?”

काही नाही, सहज, असं म्हणून मोहनरावांनी पाणी मागितलं आणि पाणी पिता पिता घर न्याहाळलं. कुणी दुसरी पोर दिसते का, दोन पोरींचे कपडे आहेत का. दगडाबाईनं त्यांची नजर बघितली आणि शिवकन्येला शेळ्यांकडं पिटाळलं. नंतर मोहनरावांनी काहीही विचारलं तरी म्हातारी तोलून मापून अर्धंच उत्तर देऊ लागली. किती नातवंडं? हायेत. थोरली कोण? हाय की. मग एकाएकी तिनं सांगून टाकलं की तिचं लगीनबिगीन काही करायचं नाही आम्हाला, कुणी सांगितलं असंल तर खोटं हाय. मोहनरावांनी लग्नाचा शब्दही काढला नव्हता. त्यांचा संशय दुप्पट झाला. म्हातारीचं वेगळंच होतं. मागल्या वर्षी वस्तीतल्या एका पोरीचं लग्न मोडायला साहेबलोक आले होते, तेही असंच आधी पाणी मागून, घर बघून बसले होते. दोघंही एकमेकांना चोर समजत समोरासमोर बसले होते, आणि करडू मधे पाय झाडत होतं.

शेवटी मोहनरावांनी सरळच विचारलं. शाळेत येते ती शिवकन्या की तिची धाकटी बहीण?

दगडाबाईनं नातीला हाक मारली आणि बापाला फोन लावायला सांगितलं, तोंड दिसतं तसला. पडद्यावर उसाचा फड दिसला, डोक्याला फडकं बांधलेला बजरंग दिसला, आणि त्यानं फोन फिरवला तेव्हा मोळीवर बसलेली एक सात-आठ वर्षांची पोर. पुढचे दोन दात पडलेले. मांडीवर रडकं लेकरू. तिनं “आक्का” म्हणून हात हलवला. बजरंगनं घाईघाईत विचारलं, निवड झाली का? झाली असली तर बरंच, नसली तर रविवारी मुकादमाची जीप येतेय गावाकडून, तिच्यात पोरीला बसवून द्या; ह्या बारकीला तान्हं आवरंना. मग फोन कट झाला.

म्हणजे बहीण बदललेली नव्हती. मोहनरावांना एवढं कळलं, पण हातातला धागा त्यांना सोडवेना. मग उंची कमी कशी झाली, असं त्यांनी विचारलं. सहावीला एकशे एकतीस होती आणि आता कमी, हे कसं?

दगडाबाईनं करडू खाली सोडलं. दोरीवरून शाळेचा ड्रेस काढला, उलटा केला आणि खालची कड त्यांच्या गुडघ्यावर पसरली. आत चार बोटं कापड दुमडून हातानं टीप घातली होती. दोरा जुना, मळून काळा झालेला, पण कुठंही उसवलेला नाही.

“पाचवीत तुमीच दिलता. वाढत्या अंगाचा घ्या म्हणलात, म्हणून थोराड घेतला. दर साली बोट-बोट उसवायचं म्हणून टीप मारली. उसवायची येळच न्हाई आली.” तिनं कापड सरळ केलं. “कमी न्हाई झाली मास्तर ती. वाढावी तशी वाढलीच न्हाई.”

मोहनराव गाडी काढून घरी आले, जेवले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना उजेड पडला. पोर खरी, टीप खरी, म्हणजे नोंद खोटी. आणि सहावीला वर्गशिक्षिका कोण होती? रोहिणी मॅडम. ह्या बाईनंच आकडा वाढवला. कशासाठी, ते पुढं बघू. गुन्हेगार सापडल्यावर त्यांना शांत झोप लागली.

शनिवारी सकाळी शाळा उघडायच्या आधी त्यांनी कपाट उघडलं आणि गेल्या वर्षीची फिटनेस चाचणीची वही काढली. आकडा रोहिणी मॅडमच्या अक्षरात असणार, म्हणून त्यांनी पान उजेडात धरलं.

तीनच्या आकड्याला खाली शेपूट होतं. मोहनरावांच्या तीनला असतं तसं. त्यांनी पान आणखी जवळ धरलं, जणू जवळ धरल्यावर अक्षर दुसऱ्याचं होणार होतं. शिवकन्या, आधी एकशे पंचवीस, आता एकशे एकतीस. तिच्या खाली एक पोरगा, आधी एकशे बावीस, आता एकशे अठ्ठावीस. त्याच्या खाली आणखी एक, एकशे तीस, एकशे छत्तीस. एकतीस नावं, आणि प्रत्येकापुढं बरोबर सहा वाढलेले. त्यांनी त्या दिवसाचं हजेरीपत्रक काढलं. नोव्हेंबरातला तिसरा आठवडा. त्या एकतीसच्या एकतीस नावांपुढं रोहिणी मॅडमच्या बारीक अक्षरात लाल शाईनं लिहिलं होतं, ऊसतोडीला.

मग त्यांना आठवलं. खिडकीजवळची खुर्ची, बशीत ओतलेला चहा, आणि रकाना रिकामा ठेवला की पुढं न सरकणारं ते ॲप. गेलेल्या पोरांचं काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं. बाजूच्या शाळेतले मास्तर म्हणाले होते की त्यात काय, मागच्यात सहा मिळवायचे, ह्या वयात पोरं तेवढी वाढतातच. मोहनरावांनी अर्ध्या तासात एकतीस पोरं वाढवून टाकली होती. ह्याला खोटं म्हणतात, असं तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं. काम उरकलं होतं. उंची मिळवताना त्यांनी वजनातही तीन-तीन किलो घातले होते.

त्याच फाईलला मागं टाचणीनं एक कागद लावलेला होता. रोहिणी मॅडमच्या अर्जाचं उत्तर. शाळेच्या नोंदीनुसार स्थलांतरित विद्यार्थ्यांची वाढ समाधानकारक असल्याने अतिरिक्त आहाराची मागणी मान्य करता येत नाही. मोहनराव खुर्चीत बसले. त्यांना लाज वाटली. किती अंडी कुणाच्या पिशवीत, असं ते हसत म्हणाले होते. अंडी त्यांनीच पळवली होती, आणि एक-दोन नव्हे, एकतीस लेकरांची वर्षभराची.

रोहिणी मॅडम आल्या तेव्हा त्यांनी वही पुढं सरकवली. मॅडमनी उभ्यानंच वाचलं. त्या ओरडतील असं मोहनरावांना वाटलं होतं. पण त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, की ते उत्तर आलं तेव्हाच त्यांना कळलं होतं हे आकडे कुणीतरी बसल्या जागी लिहिलेत. पण स्टाफरूममध्ये ते अंड्यांचं ऐकल्यावर पुन्हा त्या वाटेला जावंसं वाटलं नाही. विचारायला पाहिजे होतं, एवढं त्यांनी दोनदा म्हटलं. मग उठताना सांगितलं, की संस्कृती दुसरी आली आहे, ती दुसरीच राहू द्या.

भगवानरावांनी मात्र हात जोडले. आता एकशे पस्तीस लिहा आणि मोकळे व्हा, म्हणाले. मोहनराव म्हणाले की तिथं गेल्यावर पोरीला पुन्हा मोजतील, आणि मग खोटी ती ठरेल, आपण नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहायला सुरुवात केली. दगडाबाई तेवढ्यात नातीचा हात धरून दारात आली. ऑफिसबाहेर उभ्या नातीनं ऐकलेला शनिवारचा वायदा तिला ठाऊक होता. मास्तर काहीतरी लिहितोय हे बघून तिचा चेहरा आणखी आवळला. तिनं कागद मागितला, आणि तिला वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत असताना तो नातीच्या हातात दिला.

“वाच गं. काय लिव्हलंय ते मोठ्यानं वाच.”

शिवकन्येनं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. तिची खरी उंची एकशे एकोणतीस आहे. गेल्या वर्षीची उंची मी तिला न मोजता लिहिली. ती तेव्हा ऊसतोडीला गेली होती. तिच्यासोबतच्या तीस मुलांची उंची आणि वजनही मी न मोजता लिहिलं आहे. ह्यात मुलीचा किंवा तिच्या घरच्यांचा काही दोष नाही. खाली सही. वाचून झाल्यावर तिनं विचारलं.

“सर, मंग मागल्या साली मी मोठी व्हते का?”

मोहनरावांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना पोरीच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून त्यांनी म्हातारीला पुढचं सांगितलं. केंद्राच्या बाईंना फोन झाला आहे. त्या म्हणतात सोमवारी पोरीला घेऊन या, समोर मोजू, मग ठरवू. दगडाबाईनं विचारलं, आणि न्हाई घेतली तर? जीप उद्या येणार होती, आणि एकदाच येणार होती. उद्या पोर तिच्यात बसली नाही तर बजरंग फोनवरून फडातला सगळा राग म्हातारीवर काढणार होता.

“तुमच्यावर भरवसा न्हाई ठिवत मी,” दगडाबाई शेवटी म्हणाली. “पोरीच्या पायावर ठिवते.”

रविवारी जीप आली आणि शिवकन्येवाचून गेली. सोमवारी सकाळी मोहनराव दोघींना घेऊन केंद्रावर पोचले. प्रमुख बाई पन्नाशीच्या, पांढऱ्या बुटातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी पोरीला मोजलं. एकशे एकोणतीस. वजन केलं आणि तेही लिहून घेतलं. मग मोहनरावांचा कागद वाचला, सावकाश, दोनदा, आणि चष्म्यावरून वर बघितलं.

“आणि ही सहाशे मीटरची वेळ? ही तरी मोजलीय, की हीपण मिळवलीय?”

मिसरूड फुटलेल्या गड्यांकडं मोहनराव आयुष्यभर ह्याच नजरेनं बघत आले होते. मोजलीय, त्यांनी सांगितलं. घड्याळ माझ्या हातात होतं. हे ऐकून तर बाई किंचित हसल्याच. बाईंनी घड्याळ आपल्याच एका शिक्षिकेकडं दिलं आणि सांगितलं की मुलीला पुन्हा पळू द्या. सव्वादोन मिनिटांच्या आत आली तर जागा तिची.

शिवकन्येनं सकाळी चहात बुडवून अर्धी भाकरी खाल्ली होती. ऊन वर आलं होतं, मैदान मोठं होतं, आणि शेजारी पळायला कुणी नव्हतं. मोहनराव कुंपणाशी दगडाबाईच्या बाजूला उभे राहिले. त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं, म्हणून ते मनातल्या मनात आकडे म्हणत होते आणि मधेच चुकत होते. पहिली फेरी ती हलकी पळाली. दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर तिचे खांदे वर चढले, मान मागं पडली. आता बसणार, असं मोहनरावांना वाटलं, आणि बसली तर ते सोंग नसेल हे त्यांना आज पुरतं कळत होतं. पोटात काही नसलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. इतकी वर्षं शेकड्यानं पोरी त्यांना हेच सांगत होत्या. दगडाबाईनं शेळ्यांना घालतात तशी एक लांब हाळी घातली. पोरीनं मान सरळ केली.

शिक्षिकेनं घड्याळ आणून बाईंना दाखवलं. बाईंनी ते तसंच मोहनरावांपुढं धरलं, तुम्हीही बघून घ्या म्हणाल्या. दोन मिनिटं बारा सेकंद. मोहनरावांना दिसेनासं झालं. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं, बाराच होते.

फॉर्मवर दगडाबाईचा अंगठा झाला. शिवकन्येला आत नेऊन दूध दिलं, उकडलेली दोन अंडी दिली, आणि एक निळा ट्रॅकसूट दिला. सगळ्यात लहान मापाचा, तरी पायाशी लोळत होता. केंद्रातली शिवणकाम करणारी बाई म्हणाली की खालचं कापड कापून टाकते, म्हणजे बरोबर बसेल. दगडाबाई एकदम पुढं झाली.

“कापू नका, बाई. आत दुमडा आन् कच्ची टीप घाला. यंदा उसवाया लागंल.”

मोहनराव म्हणाले की ते दर महिन्याला येतील आणि पोर किती वाढली ते स्वतः मोजून म्हातारीला कळवतील. दगडाबाईनं त्यांच्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

“तुमी नका मोजू,” ती म्हणाली. “ह्या बायांनाच मोजू द्या. तुमी त्या तिसांचं बघा.”

मोहनरावांनी खिशातून यादी काढली. तीस नावं होती, सगळी अजून फडात. एप्रिलात परत येतील. त्यांनी यादी पुन्हा नीट घडी घालून खिशात ठेवली आणि गाडीकडं निघाले.